डाव्या कुशीतलं दुखणं: प्लीहेचा रक्तपुरवठा तुटलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि काजूचा हंगाम संपत आला होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून 46 वर्षांची एक बाई सकाळी माझ्या दवाखान्यात आली. सोबत नवरा आणि थोरला मुलगा. आदल्या रात्री जेवल्यानंतर तासाभरात डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, एकदम दुखायला लागलं होतं. दोन उलट्या झाल्या होत्या. त्याआधीचे दोन दिवस तिने बागेत वाकून बोंडू आणि बिया वेचल्या होत्या, भरलेल्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. ‘दाव्या कुशींत दुखता, स्वास घेतना चड दुखता,’ असं ती कोंकणीत म्हणाली, आणि मुलगा लगेच मराठीत म्हणाला, ‘डॉक्टर, उन्हातान्हात उपाशी राबते, पित्त झालंय.’

ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील मी बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच लिहितो, माझ्या चुकीसकट.

पहिल्या दिवशी मी तिला पोटाची रुग्ण म्हणून तपासलं. रक्तदाब 130/80. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 98 टक्के, नाडी 96. पोट मऊ, फक्त डाव्या बाजूला वरच्या भागात दाबल्यावर दुखत होतं. ताप नव्हता. पित्ताचं औषध, उलटीची गोळी, दुखणं कमी करणारी गोळी लिहून दिली आणि ‘उद्या बरं नाही वाटलं तर या’ म्हणून पाठवलं. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती. श्वास घेताना जास्त दुखतं, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मी ते केसपेपरवर लिहिलंही होतं. पित्ताचं दुखणं श्वासाबरोबर असं वाढत नाही. लिहिलेल्या त्या ओळीवर मी थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. घरच्यांनी तिला दुसरीकडे नेलं, तिथे मूतखड्याचा संशय आला आणि सोनोग्राफी झाली. तो अहवाल आजही माझ्यासमोर आहे: दोन्ही मूत्रपिंडं ठीक, खडा नाही, स्वादुपिंड वायूमुळे नीट दिसत नाही, प्लीहा 10.8 सेंटिमीटर, पोत एकसारखा. लघवीत दोन-तीन तांबड्या पेशी. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हटल्यावर घरचे निर्धास्त झाले, आणि खरं सांगायचं तर तो कागद मला पहिल्या दिवशी मिळाला असता तर मीही निर्धास्त झालो असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. आता अंगात 100.6 अंश ताप होता, श्वास उथळ चालला होता आणि डावा खांदा दुखत होता. खांद्याला मार नव्हता, हात वर-खाली करताना त्रास नव्हता. पोटातल्या दुखण्याबरोबर असा खांदा दुखला की श्वासपटलाखाली काहीतरी चिडलंय असं समजायचं. श्वासपटलाची नस मानेतून येते, तिथूनच खांद्याच्या कातडीची संवेदनाही येते, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात असल्यासारखं वाटतं. डाव्या श्वासपटलाखाली असतात जठर, मोठ्या आतड्याचं वळण आणि प्लीहा, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची पानथरी.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिचं मनगट हातात धरलं.

नाडी अनियमित होती. एक ठोका जोरात, दुसरा दबका, मध्येच मोठा खंड, आणि या सगळ्याला काही लयच नाही. मनगटावर पूर्ण मिनिट मोजली तर 88. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून मोजलं तर हृदयाचे ठोके 124. म्हणजे दर मिनिटाला 36 ठोके असे पडत होते की त्यांचं रक्त मनगटापर्यंत पोचतच नव्हतं. ऑक्सिमीटर सरासरीचा आकडा दाखवतो, ताल नाही. परवा मी तोच आकडा लिहून मोकळा झालो होतो.

तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि स्टेथोस्कोपची घंटेची बाजू हृदयाच्या टोकावर हलकेच टेकवली. पहिला आवाज ठणठणीत आणि दुसऱ्या आवाजानंतर गडगडल्यासारखी एक खोल, लांब घरघर. डाव्या बाजूच्या झडपेचं, म्हणजे मायट्रल झडपेचं तोंड अरुंद झालं की असा आवाज येतो. कुणी तो कान देऊन शोधला नाही तर सापडत नाही.

मग प्रश्न वेगळे झाले. चढण चढताना धाप लागते का? ‘दोन वर्षं लागते, वय झालं म्हणून लागत असेल.’ लहानपणी सांधे सुजले होते का? तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याला ठाऊक नव्हतं. तिलाच आठवलं: दहा-अकरा वर्षांची असताना गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजायचे, शाळा महिनाभर बुडाली होती, आजीने पाला बांधला होता. दुसऱ्या बाळंतपणात शेवटच्या दोन महिन्यांत रात्री उशा रचून बसावं लागायचं. तेव्हा ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलं गेलं होतं. घशाच्या जिवाणूनंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप दुखावली होती, आणि पस्तीस वर्षं ती हळूहळू जाड होत, चिकटत गेली होती.

आता कुशीतल्या दुखण्याचा अर्थ लागायला लागला. अरुंद झडपेमुळे हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो. फुगलेल्या कप्प्याची लय बिघडते, तो आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरत राहतो. थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीसारख्या भागात, रक्त साचतं आणि गुठळी धरते. तिचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर कुठेही जाऊ शकतो. मेंदूत गेला तर अर्धांगवायू, पायात गेला तर पाय थंड, आतड्याच्या धमनीत गेला तर जीवच धोक्यात. प्लीहेच्या वाट्याला तो सहज येतो. हा अवयव वजनाने जेमतेम दीडशे ग्रॅमचा, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाच टक्के भाग त्याच्याकडे जातो.

प्लीहेची रक्तवाहिन्यांची रचना समजून घेतली की पुढचं बरंच कळतं. मुख्य धमनी महाधमनीच्या एका फांदीतून निघून स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने नागमोडी जाते आणि प्लीहेजवळ पोचल्यावर तिच्या फांद्या फुटतात. आतल्या या फांद्यांची एकमेकींशी जवळजवळ जोडणी नसते. शेताच्या एका वाफ्याला एकच पाट असावा तसं: पाट बुजला की तो वाफा वाळतो, शेजारचा हिरवा राहतो. म्हणून मेलेला भाग पाचरीसारखा दिसतो, टोक आत आणि रुंद बाजू बाहेरच्या आवरणाकडे. ते आवरण ताणलं गेलं, सुजलं की श्वासाबरोबर दुखतं. आणखी एक गोष्ट मला विद्यार्थी असताना चमत्कारिक वाटायची: मुख्य धमनीच तिच्या मुळाशी बंद केली तर पुष्कळदा प्लीहा वाचते, कारण जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्या तिला मागच्या दाराने रक्त देतात. पण एखादी आतली फांदी बुजली तर तेवढा तुकडा हमखास मरतो.

तपासण्या

ईसीजीत कप्प्याची थरथर स्पष्ट होती. छातीच्या एक्स-रेत हृदयाची डावी कड सरळ झालेली, डावं श्वासपटल थोडं वर चढलेलं, त्याच्या कोपऱ्यात किंचित पाणी. हे पाणी पाहून न्यूमोनिया समजून प्रतिजैविक सुरू करण्याचा मोह होतो, मलाही झाला. रक्तात पांढऱ्या पेशी 14,800, हिमोग्लोबिन 11.2, प्लेटलेट 2 लाख 90 हजार, क्रिएटिनिन 0.9. लायपेज नॉर्मल, म्हणजे स्वादुपिंडाला सूज नाही. ट्रोपोनिन नॉर्मल, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा नाही. मलेरियाची झटपट चाचणी आणि काचेवरची तपासणी दोन्ही निगेटिव्ह. गोव्यात ताप आणि पानथरीचं दुखणं एकत्र आलं की मलेरिया पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

लक्ष वेधणारा आकडा एलडीएचचा होता: 890. आमच्या प्रयोगशाळेत 250 पर्यंत नॉर्मल धरतात. पेशी मरून फुटल्या की हे द्रव्य रक्तात येतं. त्यावरून कुठला अवयव मेला ते कळत नाही, पण काहीतरी मेलंय हे कळतं, आणि पित्त किंवा स्नायूची उसण एवढा आकडा देत नाही. अशा रुग्णाच्या पहिल्या दिवसाच्या रक्ततपासणीत एलडीएच घालायला फार पैसे लागत नाहीत.

आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, म्हणून तिला म्हापशाला पाठवलं. पाठवताना चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या. एक, शिरेतून औषध देऊनच स्कॅन करावा, कारण त्याशिवाय मेलेला आणि जिवंत भाग वेगळा दिसत नाही. दोन, चित्र सुमारे सत्तराव्या सेकंदाच्या आसपासचं हवं. औषध दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात, धमन्या भरलेल्या असताना, निरोगी प्लीहासुद्धा वाघाच्या कातडीसारखी पट्टेरी दिसते, कारण तिच्यातल्या वेगवेगळ्या भागांतून रक्त वेगवेगळ्या वेगाने वाहतं. त्या घाईच्या चित्रावरून नसलेला आजार दिसू शकतो आणि असलेला झाकला जाऊ शकतो.

रात्री साडेनऊला क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचा फोन आला. प्लीहेत दोन पाचरीच्या आकाराचे काळे भाग, मिळून साधारण तिसरा हिस्सा. मुख्य धमनी मोकळी, तिला फुगा नाही. डाव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात तसाच एक छोटा भाग. आतड्याची मोठी धमनी मोकळी. शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीत मागे टेकलो, कारण परतीच्या वाटेवर असलेल्या त्या बाईच्या जिवाचा खरा प्रश्न तिथे होता. मूत्रपिंडातल्या भागामुळे आणखी एक गोष्ट पक्की झाली: दोन वेगळ्या अवयवांत एकाच वेळी तुकडे पोचले, म्हणजे ते वरून, हृदयातून आले. लघवीतल्या त्या दोन-तीन तांबड्या पेशी कदाचित त्याच होत्या.

मग आदल्या दिवशीची सोनोग्राफी नॉर्मल कशी? ती चुकीची नव्हती. पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेला भाग आणि जिवंत भाग आवाजाच्या लहरींना जवळजवळ सारखेच दिसतात, फरक पुढच्या दिवसांत उमटतो. त्यात प्लीहा बरगड्यांआड आणि आतड्यातल्या वायूआड लपलेली. साध्या सोनोग्राफीत ‘प्लीहा नॉर्मल’ लिहिलेलं असणं म्हणजे तिचा रक्तपुरवठा शाबूत आहे असं नव्हे, हे मी तेव्हापासून शिकाऊ डॉक्टरांना दर वेळी सांगतो.

बांबोळी

108 ची रुग्णवाहिका बोलावून तिला त्याच रात्री बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये हलवलं. मीही मागून गेलो. मुलगा वाटेत एकच विचारत होता, ‘डॉक्टर, पानथरी काढावी लागेल का?’

तिथे पहिला पेच शस्त्रक्रियेचा नव्हताच, तापाचा होता. झडपेचा जुना आजार, नवा ताप आणि अवयवांत गेलेले तुकडे, हे तिन्ही एकत्र दिसले की झडपेवर जंतूंची वाढ झाली आहे का, हा संशय घ्यावाच लागतो. तो खरा असता तर उपचार उलट दिशेचे झाले असते. नुसती गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध लवकर सुरू करायचं. जंतूंची गाठ असेल तर प्रतिजैविकं आठवड्यांच्या हिशेबाने द्यायची आणि रक्त पातळ करण्याची घाई मेंदूत रक्तस्राव घडवू शकते. दुसरीकडे, मेलेला तुकडासुद्धा एकटाच थोडा ताप आणि पांढऱ्या पेशींची वाढ देतो. तिघा वरिष्ठांनी तिच्या उशाशी उभं राहून यावर चर्चा केली, आणि घाई कुणीच केली नाही. तीन वेगवेगळ्या जागांहून, प्रतिजैविकाचा पहिला थेंब जाण्याआधी, रक्ताचे नमुने जंतूंच्या वाढीसाठी घेतले. मी न्यूमोनिया समजून संध्याकाळी प्रतिजैविक दिलं असतं तर ही तपासणी निम्मी निकामी झाली असती.

सकाळी छातीवरून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला: झडपेचं क्षेत्रफळ 0.9 चौरस सेंटिमीटर, जे चार ते सहा असायला हवं. डावा कप्पा 52 मिलिमीटर. जंतूंची वाढ दिसली नाही, पण छातीवरून कप्प्याचा कोपरा दिसत नाही, म्हणून दुपारी अन्ननलिकेतून इको केला. कोपऱ्यातल्या पिशवीत 14 मिलिमीटरची गुठळी होती. झडपेवर काही लोंबत नव्हतं. त्याच संध्याकाळी शिरेतून हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, सुरू झालं.

हेपॅरिनच का, त्वचेखालचं सोपं इंजेक्शन का नाही, असं एका निवासी डॉक्टरने विचारलं. मेलेल्या प्लीहेत रक्तस्राव होऊ शकतो, आवरण फाटू शकतं. हेपॅरिनचा ठिबका थांबवला की काही तासांत परिणाम ओसरतो आणि प्रोटामिन देऊन तो लगेच उलटवताही येतो. पहिल्या चार-पाच दिवसांसाठी ही सोय मोलाची असते. या काळात तिला स्नायूत एकही इंजेक्शन दिलं नाही, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि गरजेपुरतं ट्रॅमाडॉल. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या टाळल्या. ठोक्यांचा वेग मेटोप्रोलॉलने 80 च्या आसपास आणला. अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला वेळ लागतो. हृदय हळू चाललं तरच तो वेळ मिळतो, म्हणून या रुग्णांना वेग आवरल्याबरोबर श्वासाला आराम पडतो. लय सरळ करण्यासाठी विजेचा धक्का द्यायचा विचार कुणी केला नाही. कोपऱ्यात गुठळी असताना तो धक्का म्हणजे आणखी तुकडे सोडणं.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी नीट बसून दिलं. रक्तपुरवठा तुटलेली प्लीहा बहुतेक वेळा काढावी लागत नाही. मेलेला भाग आठवड्यांत आकसतो आणि तिथे व्रण राहतो. शस्त्रक्रिया लागते ती आवरण फाटून पोटात रक्त साठलं तर, मेलेल्या भागात पू झाला तर, किंवा जन्मतः सैल असलेली प्लीहा तिच्याच देठाभोवती पिळली गेली तर. रक्तस्राव होत असला तरी रुग्ण स्थिर असेल तर आता धमनीत नळी घालून ती शाखा आतून बंद करता येते. पू असेल तर काही वेळा सुईने बाहेर काढता येतो. पूर्ण काढली तर माणूस जगतो, पण न्यूमोकोकससारख्या जंतूंपुढे तो आयुष्यभर उघडा पडतो. अशा माणसाला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या तिघांच्या लसी लागतात. ठरवून काढायची असेल तर त्या शक्यतो दोन आठवडे आधी, तातडीने काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनंतर. आणि पुढे कधीही ताप आला की घरी थांबायचं नाही. ‘मग नको काढायला,’ एवढंच तो म्हणाला.

ताप चौथ्या दिवशी उतरला. रक्ताच्या तिन्ही नमुन्यांत पाच दिवसांत काही वाढलं नाही. रोज हिमोग्लोबिन, रोज पोटावर हात, पाचव्या दिवशी सोनोग्राफी. आता मात्र सोनोग्राफीत दोन्ही पाचरी दिसल्या. नर्सना लिहून ठेवलं होतं: चेहरा एकदम पांढरा पडला, नाडी वाढून रक्तदाब घसरला किंवा खांद्याचं दुखणं परत उसळलं तर आधी हेपॅरिन बंद, मग फोन. तशी वेळ आली नाही. रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफेरिन, तिसऱ्या दिवशीच जोडली होती. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, 2 च्या वर गेल्यावर आणि चोवीस तास तिथे टिकल्यावर हेपॅरिन थांबवलं. अकराव्या दिवशी ती घरी गेली.

मुलाने मोबाइलवर वाचलं होतं की आता नव्या गोळ्या आहेत, त्यांना रक्त तपासावं लागत नाही, भाजीपाल्याचं पथ्य नाही. या रुग्णांत त्या नको. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या आणि लय गेलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांत रिव्हॅरोक्सॅबॅन या नव्या गोळीची तुलना वॉरफेरिनच्या जातीच्या औषधांशी केली होती. जुन्या औषधांवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव जास्त झाला नाही. जुनं औषध कटकटीचं आहे, पण हिच्यासाठी तेच योग्य होतं.

पावसाळा

आयएनआर 2 आणि 3 च्या मध्ये ठेवायचा होता. जून ठीक गेला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो 1.4 आला. गोळी चुकली का, तर नाही. डबीतल्या गोळ्या मी स्वतः मोजल्या. मग जेवणाचं विचारलं. पाऊस लागल्यापासून घरात रोज तायकिळो, म्हणजे घाटावरचा टाकळा, त्यात अळू, आणि शेवग्याचा पाला. पावसाच्या पहिल्या महिन्यांत रानातून फुकट मिळणाऱ्या भाज्या आमच्याकडे आवडीने खातात. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं आणि वॉरफेरिन त्याच्याच विरुद्ध काम करतं. हॉस्पिटलमधून घरी जाताना दिलेल्या कागदावर पालक, कोबी, ब्रोकोली लिहिलं होतं. ती बाई पालक वर्षातून दोनदा खात असेल, आणि ब्रोकोली तिने कधी पाहिलीही नव्हती.

भाजी बंद करायला मी सांगितलं नाही. सत्तरीतल्या घरात पावसाळ्यात पालेभाजी बंद करा म्हणणं म्हणजे जेवण बंद करा म्हणणं. ‘बाय, आठवड्यातून तीनदा खा, पण तीनदाच, आणि वाटी तेवढीच,’ असं ठरवलं. एक दिवस पातेलंभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करू नका. डोस थोडा वाढवला, दर आठवड्याला रक्त तपासलं. ऑगस्टमध्ये 2.3, 2.5, 2.2. आता मी माझ्या दवाखान्यातल्या वॉरफेरिनच्या सगळ्या रुग्णांसाठी एक मराठी चिठ्ठी छापून घेतली आहे. तिच्यात ब्रोकोली नाही. तायकिळो, तांबडी भाजी, अळू, शेवगा आहे. शेवटी काजूच्या फेणीची ओळ आहे, कारण दारूने हा आकडा उलट्या बाजूला, रक्तस्रावाकडे जाऊ शकतो.

सहा आठवड्यांनी तिच्या रक्ताची काच मी मुद्दाम पाहायला लावली. प्लीहा काम करत नसेल तर तांबड्या पेशींत जांभळे ठिपके उरतात, ते हॉवेल-जॉली कण. प्लीहा शाबूत असेल तर ती ते गाळून टाकते. तिच्या काचेत ते नव्हते. दोन तृतीयांश प्लीहा उरली होती आणि काम करत होती, म्हणून लसींचा प्रश्न आला नाही.

इथे दुसऱ्या एका रुग्णाचं सांगतो, कारण शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. त्याच पावसाळ्यात बांधकामावरचा एक तरुण कामगार थंडी-ताप आणि डाव्या कुशीच्या दुखण्याने आला. सीटीत तशीच पाचर, पण प्लीहा 16 सेंटिमीटर, नाडी घड्याळासारखी, हृदयात आवाज नाही आणि काचेवर व्हायव्हॅक्स मलेरियाचे परजीवी. त्याला रक्त पातळ करणारं एकही औषध दिलं नाही. क्लोरोक्विन, मग जी-6-पीडी हे तांबड्या पेशींतलं विकर तपासून चौदा दिवस प्रायमाक्विन, आणि प्लीहा मोठी असल्याने सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. तो महिन्याभरात ठणठणीत झाला. पाचर सारखीच, उपचार पूर्ण वेगळे. तिसऱ्या एखाद्याच्या मागे रक्ताचा कर्करोग असतो, कुणाच्या मागे सिकलसेलचा गुण असतो आणि लेहसारख्या उंचीवर गेल्यावर तो पहिल्यांदा बोलतो, कुणाच्या मागे प्लीहेच्या धमनीचा फुगा. सीटीच्या अहवालात ‘प्लीहेचा इन्फार्क्ट’, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, असं लिहून आलं की काही ठिकाणी तेच निदान म्हणून घरी जायच्या कागदावर उतरतं. ते निदान नाही. कुठून आलं हे सापडेपर्यंत माणूस घरी जाता कामा नये.

हृदयरोगतज्ज्ञांनी सप्टेंबरमध्ये बोलावलं होतं. तिने चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर येते म्हणून सांगितलं, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची होती, पाहुणे यायचे होते. मी आग्रह केला नाही, फक्त गोळी आणि आठवड्याची तपासणी चुकवू नका म्हटलं. विसर्जनानंतर चार दिवसांनी ती आली. अन्ननलिकेतून इको केला तेव्हा कप्प्याचा कोपरा स्वच्छ होता, गुठळी विरघळली होती. त्या आठवड्यातच मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. क्षेत्रफळ 0.9 वरून 1.7 झालं. गुठळी असताना हे करता आलं नसतं, ते तीन-चार महिने गोळीने दिले. लय मात्र परत आली नाही, येईल असं वाटतही नाही, म्हणून वॉरफेरिन चालू राहणार.

नोव्हेंबरच्या सोनोग्राफीत प्लीहेच्या कडेला दोन खाचा दिसल्या, बाकी पोत एकसारखा.

परवा ती वही घेऊन आली. शाळकरी वही, मुलीने रेघा आखून दिलेल्या: तारीख, आयएनआर, गोळी किती, भाजी कुठली. मी मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत मिनिटभर मोजलं. ती गप्प बसून राहिली, आता तिला माहीत आहे की मी मोजताना बोलत नाही. 76, अनियमित. आयएनआर 2.4. वहीत लिहिलं, सही केली. बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या म्हाताऱ्याला नर्सने ऑक्सिमीटर लावला होता. तो काढायला सांगितला नाही, फक्त त्याचा हात माझ्याकडे घेतला.